पांढऱ्यावर पांढरं

रोज सकाळी दुकानाची कडी काढली की आत्या आधी आदल्या दिवशी विणून झालेल्या खुर्च्यांपाशी जायची. दिवा त्यानंतर लावायची, आणि तोही गिऱ्हाइकांसाठी. प्रत्येक बैठकीवरून ती तळहात फिरवायची, मधल्या बोटाच्या पेराने मधोमध टकटक करायची आणि मान जरा कलती करून ऐकायची. वेत नीट सुकून ताणला असला की आवाज कोरडा, ठाम यायचा. वीण कुठे ढिली राहिली असली तर तो बसका यायचा, सर्दी झालेल्या माणसासारखा. मग ती त्या खुर्चीला म्हणायची, "तू थांब जरा," आणि तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची, मस्ती करणाऱ्या मुलाला वर्गात उभं करतात तसं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिची दृष्टी एका दिवसात गेली नाही. ती कॉलेजात असताना आधी कडेचं दिसेनासं झालं, मग दिवेलागणीनंतरचं, मग पुस्तकातलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे आणि त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरातले सगळे रडले. आत्याने मात्र विचारलं म्हणे, की न बघता करायची कामं शिकवतात कुठे. वेतकाम शिकवणारे एक मास्तर होते, तेही अंधच. ते शिष्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून शिकवायचे. खुर्चीच्या चौकटीला भोकं असतात. भिजवलेल्या वेताची पातळ पट्टी त्यांतून आधी उभी ओवायची, मग आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरपी. मग बैठकीत ती अष्टकोनी जाळी उमटते. डोळस माणूस जाळी बघत बसतो आणि ताण विसरतो, आपली त्यातून सुटका आहे, असं मास्तर सांगायचे. आत्याला हे फार आवडायचं. आपली सुटका झाली आहे, हे ती पुढे आयुष्यभर लोकांना पटवत राहिली.

सगळ्यात कमी पटलं ते बाबांना. किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि कपडे धुणाऱ्याच्या दुकानांमधल्या दोन खोल्यांत आत्या राहायची. पुढे काम, मागे घर, मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे वेत भिजवायचं पसरट टोपलं, पलीकडे तिचा पलंग. जागेचा करार संपत आला की बाबा न चुकता यायचे, विणलेल्या खुर्चीवर बसायचे आणि विषय काढायचे. आमच्याकडे तिच्यासाठी एक खोली तयारच होती. बाथरूममध्ये धरायला दांडा, कोपरे घासून गोल केलेलं टेबल, खिडकीशी आरामखुर्ची. खोली खरोखरच चांगली होती, आणि तीच तर पंचाईत होती.

"तुझ्याकडे आले ना छोट्या, की मला पाण्याचा पेला कुणीतरी हातात आणून देईल," आत्या म्हणायची. बाबांची साठी उलटली होती, तरी तिच्या लेखी ते छोट्याच. "आणि एक दिवस मी तो मुकाट्याने घेईन. त्या दिवसाची मला भीती वाटते."

तिचं गिऱ्हाईक गल्लीतलं नव्हतं. गल्लीत कोणाकडे वेताच्या खुर्च्या राहिल्यात? तिच्याकडे येणारे लांबून यायचे. आजोबांची खुर्ची वाटणीत मिळालेले, जुन्या बाजारातून हौसेने काहीतरी उचलून आणलेले, बसताबसता बैठकीतून आरपार गेलेले. ही माणसं आधी शोधयंत्रात लिहायची, की वेताची खुर्ची विणून कुठे मिळते. तिथे पहिलंच नाव आत्याच्या दुकानाचं यायचं. ही वेबसाइट माझ्या ताईच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भावोजींनी, लग्नानंतर लगेच हौसेने करून दिली होती. भावोजींचा धंदाच तो. तिची सगळी देखभालही तेच करायचे. आत्या कौतुकाने सांगायची, "लोकांना जावई मिळतो, मला मुनीम मिळाला."

कॉम्प्युटरवर आत्याला वाचून दाखवायला एक आवाज होता. पडद्यावर जे असेल ते तो बोलायचा. शीर्षक आलं की शीर्षक आहे म्हणायचा, लिंक आली की आधी 'लिंक' म्हणायचा आणि मग तिच्यावरचे शब्द. आत्या त्या आवाजाला मॅडम म्हणायची. मॅडम जोडाक्षरं गिळायच्या, आणि आत्याने त्यांचा वेग इतका वाढवून ठेवला होता की आम्हाला नुसती गुणगुण ऐकू यायची. आपली साइट ती कधीमधी ऐकायची. दुकानाचं नाव, कामाची माहिती, फोन नंबर. नंबर बरोबर आहे ना एवढं पाहायचं, की बटण दाबून मॅडमना गप्प करायचं. त्यापुढे काय असणार? त्यापुढे साइट संपते, असं तिने धरूनच टाकलं होतं.

त्या वर्षी फोन येईनासे झाले. हळूहळू नव्हे, नळाचं पाणी जावं तसे. आत्याने आधी फोन बिघडला असं समजून मला करून बघायला लावलं. फोन ठणठणीत होता. बाबा म्हणाले, जमाना बदलला, लोक आता प्लास्टिकवर बसतात. भिंतीकडे तोंड करायलासुद्धा दुकानात खुर्ची उरली नाही, तेव्हा ती विनोद करायचीही थांबली. करार संपायला थोडेच आठवडे होते, आणि घरमालकीण बाईंनी दोनदा निरोप पाठवला होता, की राहणार का सोडणार ते एकदा सांगा.

अशात एक जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या, निवृत्त शिक्षिका. खुर्ची खाली ठेवता ठेवताच त्यांनी आत्याला फैलावर घेतलं. दुकान चालू आहे तर इंटरनेटवरून नाव का काढलं? त्यांनी किती शोधलं, पानामागून पानं उलटली, आत्याचा पत्ताच नाही. त्या तर समजल्या होत्या, की...

"की मी गेले," आत्याने वाक्य पुरं करून टाकलं.

बाई ओशाळल्या. शेवटी आत्याने खुर्चीखाली ठोकलेली पत्र्याची पट्टी आठवली आणि तिच्यावर नंबर सापडला, असं त्यांनी सांगितलं.

आत्याने भावोजींना फोन लावला. ते म्हणाले, शोधयंत्रं मधूनमधून आपले नियम बदलतात, नावं वरखाली होतात, येईल पुन्हा वर. आवाज नेहमीसारखाच गोड होता. पण उत्तर फार पटकन आलं, असं ती मला नंतर म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आत आलं.

दोन दिवसांनी ती शिक्षिकाबाईंच्या खुर्चीसाठी वेत भिजवत होती. हात कोपरापर्यंत पाण्यात. मॅडम तिची साइट वाचत होत्या. फोन नंबर झाला. गप्प करायला बटण दाबायचं, तर दोन्ही हात ओले. म्हणून तिने मॅडमना बोलू दिलं, आणि मॅडम बोलतच राहिल्या. लिंक, झटपट कर्ज. लिंक, घरबसल्या जुगार. लिंक, वजन घटवा. लिंक, केस परत उगवा. आत्याला वाटलं चुकून भलतंच पान उघडलं. तिने हात पुसले, पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि वेग कमी केला. दुकानाचं नाव, माहिती, नंबर, आणि त्यापाठोपाठ पुन्हा तेच सगळं, गावजत्रा भरल्यासारखं.

तिने मला बोलावून घेतलं. मी पान उघडून खालपर्यंत गेले. फोन नंबरच्या खाली काहीच नव्हतं. नुसता पांढरा पडदा.

"काही नाहीये गं आत्या. पांढरं आहे सगळं."

"मग मॅडम काय मनचं बोलतायत?"

मी माउस दाबून धरला आणि त्या पांढऱ्या जागेवरून ओढत खाली नेला. मजकूर निवडताना येतो तो निळा रंग खाली पसरत गेला, आणि त्यात अक्षरं उगवली. पांढऱ्यावर पांढऱ्याने लिहिलेली, ओळीवर ओळी. कर्ज, जुगार, वजन, केस. डोळे असणाऱ्या कोणालाही दिसू नयेत अशी बेतलेली. मी ती वाचून दाखवू लागले तर आत्या म्हणाली, राहू दे, पाठ झालंय मला.

रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली तेव्हा लॅपटॉप पिशवीत घालून आली. ताई आणि भावोजीही आले होते. जेवणं झाली, भांडी उचलली गेली. मग आत्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि मॅडमचा वेग इतका कमी केला, की आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा शब्दन् शब्द आम्हाला कळला. फोन नंबर झाल्यावर तिने त्यांना गप्प केलं नाही. मॅडम बोलत राहिल्या. सगळं पार केस उगवेपर्यंत वाचून झालं, तेव्हाच तिने बटण दाबलं.

"जावईबापू," आत्या म्हणाली, "आमच्या दुकानात कर्ज कधीपासून मिळायला लागलं? छोट्याला घ्यायचं होतं."

भावोजींचा चेहरा पडला. बाबांनी घाईघाईने मध्ये तोंड घातलं, काहीतरी तांत्रिक असेल गं, पोरीच्या घरचा मामला आहे, चारचौघांत कशाला. पण ताईनेच नवऱ्याकडे बघून सांगितलं, "काय ते नीट सांगून टाका. मलाही ऐकायचंय."

मग त्यांनी सांगितलं. एखाद्या साइटकडे बाकीच्या साइटवरून लिंका येत असल्या की शोधयंत्र तिला वजनदार समजतं आणि वर दाखवतं. आत्याची साइट जुनी, साधी, खरी. तिच्या शब्दाला वजन होतं. म्हणून त्यांनी आपल्या इतर गिऱ्हाइकांच्या लिंका तिच्या पानावर लपवल्या, म्हणजे त्या साइट वर चढतील आणि आत्याच्या पानाची शोभाही जाणार नाही. शोधयंत्राच्या ते लक्षात आलं. त्याने नोटीस पाठवली आणि आत्याची साइट यादीतून खाली ढकलून दिली. नोटीस भावोजींनी वाचली होती आणि तिच्याकडे कानाडोळा केला होता. लिंका काढल्या असत्या तर त्या गिऱ्हाइकांना तोंड द्यावं लागलं असतं.

"सगळेच करतात, आत्या," ते खाली मान घालून म्हणाले. "कोणाला दिसत नाही, म्हणून वाटलं कोणाचं काही बिघडत नाही."

"मला दिसलं ना," आत्या म्हणाली. एवढंच. तिला भांडायचं नव्हतं, दुकान परत हवं होतं. तिने त्यांना तिथेच, त्याच टेबलाशी बसवून सगळ्या पांढऱ्या ओळी काढायला लावल्या. त्यांनी शोधयंत्राकडे फेरतपासणीचा अर्जही केला. जुन्या तंत्रज्ञाच्या नजरचुकीने काही लिंका राहिल्या होत्या, त्या आता काढल्या आहेत, असा. तो जुना तंत्रज्ञ कोण, असं ताईने विचारलं.

अर्ज फेटाळला गेला. लिंका अजून आहेत, असं उत्तर आलं. भावोजी शपथेवर सांगत होते की एकही उरलेली नाही, आणि ते खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या आवाजावरून आत्याला कळत होतं. इकडे बाबांनी खोलीतल्या आरामखुर्चीला नवी गादी करून आणली. घरमालकीण बाईंना आपणच काय ते सांगू का, असंही त्यांनी फोनवर विचारलं. प्रेमानेच विचारलं. आत्या म्हणाली, थोडं थांब. पण फोन ठेवल्यावर ती बराच वेळ नुसती बसून राहिली. हातात काम नाही अशी मी तिला कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सगळ्यात कमी वेगावर आणलं आणि साइटचं पहिल्यापासून एकेक पान ऐकायला घेतलं. जुन्या खुर्च्यांच्या फोटोंचं, पत्त्याचं, खुर्चीची निगा कशी राखावी याचं. ते निगेचं पान तिने स्वतःच सांगून लिहवून घेतलं होतं. वर्षानुवर्षं ते कोणी उघडलं नसेल. खुर्ची उन्हात ठेवू नये, मॅडम म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, लिंक. त्यानंतर काहीच नाही. मग पुढचं वाक्य, बैठकीवर पाय देऊन उभं राहू नये. लिंक. पुन्हा शांतता.

"इथे काय आहे गं?" तिने मला विचारलं.

"पूर्णविराम आहे. नुसतं टिंब."

"टिंबावर बोट ठेव तुझं. म्हणजे ते माउसचं."

मी बाण त्या टिंबावर नेला आणि त्याचा हात झाला. वाक्यावाक्याच्या शेवटच्या टिंबाला लिंक बांधलेली होती. भावोजींनी सुरुवातीच्या काळात हीच पद्धत करून पाहिली होती, मग पांढऱ्या अक्षरांची युक्ती सापडल्यावर ते ही जुनी पद्धत विसरूनच गेले होते. फोनवर सांगितलं तर खरंच हसू आलं त्यांना. म्हणाले, आत्या, मी लपवलेलं मलासुद्धा सापडलं नसतं. ते तासाभरात दुकानात हजर झाले. ती ऐकून सांगत होती, इथे आहे, इथे नाही, इथे आहे, आणि ते काढत होते. चहा दोनदा गार झाला.

नवा अर्ज मात्र तिने त्यांना लिहू दिला नाही. स्वतः सांगितला, मी टाइप केला. त्यात तिने लिहिलं की लिंका आमच्या घरच्याच माणसाने लावल्या होत्या, दुसऱ्याच्या फायद्यासाठी, आणि त्या का लावल्या हे त्याने आम्हाला सांगितलं आहे. मागचा अर्ज खरा नव्हता. मी अंध आहे, आणि माझ्या साइटवरचं प्रत्येक पान मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत कानाने ऐकलं आहे. आता तिथे खुर्च्यांशिवाय दुसरं काहीही नाही. 'घरच्याच माणसाने' हे शब्द ऐकून मी भावोजींकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. अर्ज आत्याने त्यांच्याच हातून पाठवला. साइटचं खातं मात्र तेव्हापासून तिच्या नावावर आणि तिच्या पासवर्डवर आहे.

उत्तर आलं तेव्हा मी तिथेच होते, पण मला काही कळलं नाही. मॅडम पूर्ण वेगात गुणगुणल्या, आत्याची बोटं तिरपी पट्टी ओवता ओवता भोकाशी थांबली, आणि मग तिने ती पट्टी शांतपणे ओढून, ताण सुटू नये म्हणून भोकात खुंटी मारली.

"उठवली त्यांनी," ती म्हणाली. "शिक्षा."

साइट वर यायला थोडे दिवस गेले. त्या दिवसांत आत्या घरमालकीण बाईंच्या जिन्यावर स्वतः काठी टेकत गेली आणि राहणार म्हणून सांगून आली. दुकानाच्या मागची रिकामी पडलेली कोठीही हवी आहे, तेही सांगून आली. बाई म्हणाल्या, काम तर दिसत नाही, कोठी कशाला? आत्या म्हणाली, येणाऱ्या खुर्च्या ठेवायला.

एका दुपारी तिने आमच्या घरी फोन केला आणि काही न बोलता तो लॅपटॉपशी धरला. मॅडमनी सावकाश, घसा साफ करून बोलावं तसं, शोधाचा पहिला निकाल वाचला. दुकानाचं नाव. वेताच्या खुर्च्या विणून मिळतील. तिने तो पुन्हा वाचायला लावला, आणि मग पुन्हा. तिसऱ्यांदा बाबा म्हणाले, "कळलं गं, कळलं." पण फोन त्यांनी लगेच ठेवला नाही, आणि ठेवल्यावर आत्यासाठीच्या खोलीतली ती आरामखुर्ची गादीसकट खिडकीपासून उचलून हॉलमध्ये आणून ठेवली.

मग फोन पुन्हा सुरू झाले. पहिला आला एका जुन्या ग्रंथालयाच्या व्यवस्थापकांचा. त्यांच्या वाचनकक्षातल्या खुर्च्या वर्षानुवर्षं फाटक्या पडल्या होत्या, फेकायचं ठरत होतं, तेवढ्यात त्यांना आत्या सापडली. ज्या दिवशी त्या खुर्च्या आल्या त्या दिवशी गल्ली अडली. किल्लीवाला आणि धोबी आपली दुकानं उघडी टाकून उतरवायला धावले. खुर्च्या दुकानात मावल्या नाहीत, कोठीत मावल्या नाहीत, शेवटी फुटपाथवर रांग लागली. आत्या त्या रांगेतून चालत गेली, प्रत्येकीच्या फाटक्या बैठकीत हात घालून, चौकटीची भोकं चाचपत. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी शब्दांत पकडायचा बऱ्याचदा प्रयत्न केला आहे. लग्नघरातल्या यजमानिणीच्या जवळपास जातं ते, पण पुरतं नाही.

भावोजींची काही गिऱ्हाइकं गेली. त्यांनी बाकीच्या साइटवरच्या लपवलेल्या लिंकाही काढून टाकल्या होत्या, त्याचा हा परिणाम. आता कुठलीही नवी साइट सोपवायच्या आधी ते ती आत्याला ऐकवतात. ती विणता विणता ऐकते आणि बिनदिक्कत सुनावते, तुमचा दवाखाना पत्ता सांगायच्या आधी दोनदा स्वतःची स्तुती करतो, किंवा या बटणाला नावच नाही, मॅडम तिथे नुसत्या खोकतात. घरचा मुनीम पुन्हा घरात आला, एवढंच ती आम्हाला म्हणाली.

बाबा आता संध्याकाळी दुकानात जातात. विषय काढायला नाही, विणलेल्या खुर्च्या गाडीत चढवायला. काल मीही त्यांच्याबरोबर होते. ग्रंथालयाची शेवटची खेप गेली होती, आत्या पडद्यापलीकडे हात धूत होती. बाबांनी निघताना सवयीने विचारलं, एकटी आहेस, काही हवंय का.

"काही नको," ती आतूनच म्हणाली. "जाताना दार ओढून घे छोट्या, नाहीतर मांजर शिरतं."